मधल्या मापांचं काय करायचं?

संपादकसाहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत मध्यंतरी वजन कमी करण्यावर बरंच काही येऊन गेलं, किती चालायचं, झोप किती हवी, काट्यावर कधी उभं राहायचं वगैरे, आणि मी ते सगळं कात्रणं काढून वाचलंय कारण तेव्हा मी स्वतः त्याच रांगेत उभी होते. पण एक गोष्ट एकाही लेखात आली नाही म्हणून हे पत्र. कपड्यांचं काय करायचं? वजन उतरायला लागल्यावर माणूस रोज सकाळी कपाट उघडून उभा राहतो, कपाट भरलेलं असतं आणि अंगाला नीट बसेल असं त्यात काहीच नसतं, त्याचं काय? जिमची फी, बूट, वजनकाटा हे खर्च सगळे आधी धरतात. कपड्यांचा कोणी धरत नाही. माझ्या बाबतीत तोच सगळ्यात मोठा निघाला आणि त्यातला अर्धा तरी शुद्ध मूर्खपणाचा होता.

माझी गोष्ट सांगते. सोळा महिन्यात बावीस किलो उतरलं, पँट चाळीसवरून बत्तीसवर आली. ऐकायला छान वाटतं. पण सातव्या-आठव्या महिन्यात एकदा ऑफिसचा जिना चढत होते, एका हातात लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात फायलींचा गठ्ठा, आणि पँट निघाली खाली. पूर्ण गेली नाही, पण आता जाते की मग जाते अशी. मी कोपराने ती कंबरेशी दाबून धरली आणि खेकड्यासारखी तिरकी एकेक पायरी चढायला लागले, तर मागून साहेब, म्हणाले काय हो पाय मुरगळला का, मी हो म्हटलं. मग दिवसभर लंगडावं लागलं ना.

त्या रात्री कपाटातलं सगळं पलंगावर काढलं आणि एकेक घालून बघितलं. एक्केचाळीस नग. बसणारे सहा, त्यातले दोन नाईटड्रेस.

आता यातला हिशोब बघा. पँटची मापं साधारण दोन-दोन इंचांनी जातात, चाळीस, अडतीस, छत्तीस. माझी कंबर आठ इंच कमी झाली म्हणजे चार मापं, म्हणजे सरासरी एक माप चार महिने टिकलं, साडेपाच किलोला एक माप असं म्हणा. डॉक्टर लोक आठवड्याला अर्धा ते एक किलो हा बरा वेग समजतात, त्या वेगाने कोणी गेलं आणि त्याचं शरीरही माझ्यासारखंच उतरलं तर सहा ते अकरा आठवड्यात माप बदलणार. दीड-अडीच महिने चालणारी पँट! आणि आपण ती घेताना पाच वर्षं घालायच्या हिशोबाने घेतो, कापड चांगलं बघतो, शिलाई बघतो, जरा महाग असली तरी टिकेल म्हणतो. टिकेल हो, पण तुम्ही नाही टिकणार त्या मापात.

शिवाय हे सगळं सरासरीत होत नाही हीच तर गंमत आहे. सुरुवातीच्या पंधरवड्यात काटा धडाधड खाली येतो, त्यात बरंचसं पाणीच असतं, कंबर तेवढी हलत नाही. मग कंबर हलायला लागते. मग मधेच सगळं ठप्प. मी छत्तीसवर तीन महिने अडकून बसले, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही, आणि नेमक्या त्याच्या आधीच्याच आठवड्यात मी चौतीसच्या तीन पँट आणून ठेवल्या होत्या. सेल होता, म्हटलं आता काय, पंधरा दिवसात होतीलच. त्या तीन महिने माझ्याकडे बघत बसल्या आणि मी त्यांच्याकडे.

तरी ती चूक लहान म्हणायची. मोठी चूक त्याच्याही आधीची. अगदी सुरुवातीला, दोन की तीन किलो उतरल्यावर, मी तीस नंबरची जीन्स आणली. कुठेतरी वाचलं होतं की ज्या मापात जायचंय तो कपडा डोळ्यासमोर टांगून ठेवायचा म्हणजे जिद्द राहते. कपाटाच्या दाराला बाहेरून अडकवली. जिद्द वगैरे आठवडाभर होती, नंतर ती जीन्स म्हणजे दाराला टांगलेली नापासाची प्रगतीपुस्तिका वाटायला लागली, नवरा रोज दार उघडताना ती बाजूला सरकवायचा. शेवटी सोळाव्या महिन्यात घालून बघितली. श्वास आत ओढून बटण लागलं, पण मांडीला अगदी घट्ट. कारण वजन कुठून उतरेल हे आपल्या हातात नसतं, कुणाचं आधी तोंड बारीक होतं, कुणाचं पोट, मांड्या शेवटपर्यंत हटून बसतात. बावीस किलो उतरलेलं अंग हे आधीच्या अंगाचा झेरॉक्समधून छोटा केलेला कागद नसतो, त्याचा आकारच वेगळा होतो. तो आकार कसा असेल हे आधी कळायला मार्ग नाही, मग त्याच्यासाठी कपडा आधी घ्यायचा कसा? आणि एव्हाना परत करायची मुदत कधीच गेलेली.

म्हणून माझं म्हणणं असं की पुढच्या मापाचं काहीही आधी घेऊन ठेवू नये, कितीही स्वस्त मिळालं तरी. आजच्या मापाचं घ्यावं पण अगदी मोजकं. मोजकं म्हणजे किती हे मला उशिरा कळलं. पँट किती लागतात हे आठवड्याचे दिवस मोजून नाही ठरत, कपडे किती दिवसांनी धुतले जातात त्यावर ठरतं. आमच्याकडे दिवसाआड मशीन लागतं, म्हणजे दोन पँटमध्ये माझं आरामात भागतं, एक अंगावर एक दोरीवर. मधल्या मापांमध्ये मी शेवटी शेवटी दोनच ठेवल्या, एक काळी एक गडद निळी, साध्या, काही नक्षी नाही शिलाई उठून दिसणारी नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. लोक आपले कपडे एवढे बघत नाहीत, वरचं बघतात, आणि वरच्याचं गणित वेगळंच आहे.

वरचे कपडे फार सोसतात. शर्ट, कुर्ता, टीशर्ट, एक माप मोठा झाला तर कुणाला कळत नाही, दोन मापं मोठा झाला तरी बाही दुमडून, आत खोचून, वर काहीतरी उघडं घालून निभतं. मी माझे सगळ्यात मोठे दोन शर्ट पुढची बटणं न लावता आतल्या साध्या टीशर्टवर जॅकेटसारखे घालत होते, पाच महिने. तसंही वजन उतरताना थंडी जास्त वाजते, अंगावरचं अस्तरच गेलेलं असतं, तेव्हा तो वरचा थर लागतोच. शर्ट संपला कधी समजायचं तर खांद्याची शिवण बघायची. ती शिवण खांद्याच्या हाडावरून घसरून दंडावर आली की मग काही करा, तो दुसऱ्याचा शर्ट वाटतो. पण तोपर्यंत चालवा. पैसा घालायचाच तर कंबरेखाली घाला.

साडी नेसणाऱ्यांचं मला सुरुवातीला फार हेवा वाटण्यासारखं वाटलं, पाच-साडेपाच मीटर कापड, अंग कितीही कमी होवो, दोन निऱ्या जास्त येतील. फक्त ब्लाउज. पण ब्लाउज हीच काय ती डोकेदुखी असते असं साडी नेसणाऱ्याच म्हणाल्या.

आता टेलरचं. मला वाटायचं की टेलर म्हणजे जादूगार, चाळीसची पँट दिली की बत्तीसची करून देईल. तीन पँट घेऊन गेले. त्यांनी मला एक घालायला लावली, मागून कापड चिमटीत धरलं, टाचण्या लावल्या आणि म्हणाले, "ताई, मागे आरशात बघा." बघितलं तर मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटायला आलेले, मधे जेमतेम दोन बोटं जागा. "आपण मधल्या शिवणीतून घेतो ना, मग खिसे जवळ येणारच. दोन इंच घेऊ, वाटल्यास थोडं जास्त. तुम्ही म्हणता तेवढं घ्यायचं तर खिसे उसवायचे, कंबरपट्टी काढायची, बाजूच्या शिवणी सोडायच्या, म्हणजे पँट नव्यानेच कापायची. त्यापेक्षा नवी घ्या." धंदा सोडून खरं सांगणारा माणूस. जीन्सला तर त्यांनी हातच लावला नाही, तिच्या शिवणी दुहेरी दुमडलेल्या आणि वरून दोन-दोन टिपा मारलेल्या असतात, उसवायलाच अर्धा तास जातो म्हणाले, आणि उसवून आत घेतलं तरी जुन्या शिवणीच्या जागी फिकट रेघ राहते ती राहतेच.

त्यांनीच आणखी दोन गोष्टी सांगितल्या त्या मला लाख मोलाच्या वाटल्या. एक म्हणजे आत घेतलेलं कापड कापायचं नाही, दाब म्हणून आतच ठेवायचं, वजन थोडं परत आलं तर उसवून सोडता येतं. हे टेलरला आधी सांगावं लागतं, नाहीतर बरेच जण सफाईसाठी कापून टाकतात. दुसरी म्हणजे वजन अजून उतरतंय तोपर्यंत पक्की टीप मारूच नये, हाताने लांब टाक्यांचा धावदोरा घालायचा, तात्पुरतं भागतं आणि पुढचं माप आलं की दोरा ओढला की मोकळं. मी हे ऐकलं आणि तरीही माझा एक चांगला कोट होता तो हौसेने मधेच अल्टर करून घेतला, मग सहा महिन्यांनी पुन्हा घेतला, दुसऱ्या वेळी खांदा उतरवावा लागला म्हणजे बाह्या काढून परत बसवाव्या लागल्या, आणि त्या दोन शिलाया मिळून मी जो आकडा दिला तो मी नवऱ्याला अजून सांगितलेला नाही. हे पत्र छापून आलं तर कळेल.

घरच्या घरी करता येण्यासारखं एक काम मात्र मला फार आवडलं आणि कोणालाही जमेल असं आहे. पँटच्या कंबरपट्टीला आतल्या बाजूने, दोन्ही बाजूंच्या शिवणीपाशी, बोटभर उभी चीर द्यायची, फक्त आतल्या पदराला, बाहेरच्या नाही. मग पट्टीपेक्षा थोडं अरुंद इलास्टिक घ्यायचं, त्याच्या टोकाला सेफ्टी पिन लावायची आणि एका चिरेतून आत सारून मागच्या बाजूने फिरवत दुसऱ्या चिरेतून बाहेर काढायची. पिन आत चालताना बोटांना कापडातून लागत राहते, मधल्या शिवणीपाशी येऊन अडते, तिथे जरा तिरकी करून ढकलावी लागते. मग इलास्टिक ओढायचं, मागे बारीक चुण्या पडतात, आणि दोन्ही टोकं घट्ट टाचून टाकायची. दोन इंच आरामात आत येतात, वरून शर्ट सोडला की दिसत पण नाही. लहान मुलांच्या पँटमध्ये काज असलेलं इलास्टिक असतं ना, बटणाला अडकवून कमी-जास्त करायचं, तसलं मिळालं तर आणखीच चांगलं, दर महिन्याला एक काज पुढे. मोठ्या माणसांच्या पँटला हे का देत नाहीत कोण जाणे. बटण सरकवणं हाही उपाय आहे पण अर्धा-पाऊण इंचच, त्याच्या पुढे गेलं की चेन तिरकी होते आणि पुढे बोंगा येतो.

नवऱ्याने पण मागून सुरुवात केली, नऊ किलो उतरलं, त्याचा सगळा भरवसा बेल्टवर. बेल्टला बहुतेक पाच भोकं असतात, एकेक इंचावर, आणि मधल्या भोकाचं माप ते बेल्टचं माप. म्हणजे मधल्यापासून आत दोनच इंच हातात. ती संपल्यावर त्याने खिळा तापवून सहावं भोक पाडलं, ते वाकडं पडलं, शेजारी सातवं पाडलं. शिवाय बेल्टने पँट पडत नाही एवढंच, कंबरेला पोत्याच्या तोंडासारख्या चुण्या पडायच्या त्या पडतातच. भोकं नसलेले, आत दातेरी पट्टी असलेले बेल्ट मिळतात, ते पाव-पाव इंचाने घट्ट होतात आणि शेवटचा तुकडा कापता येतो, ते बरे. जाता जाता एक, पूर्वी लोकांना हे सुचलं होतं. लिव्हाइजच्या ५०१ जीन्सला बेल्टचे लूप आले १९२२ मध्ये, त्याआधी मागे कंबरेवर एक छोटा पट्टा आणि बक्कल असायचं, आवळा की झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापड आणि धातू वाचवायला तो पट्टा काढला आणि नंतर काही परत आला नाही. मला तो परत हवाय.

आता ब्राबद्दल लिहिते, ज्यांना पान उलटायचंय त्यांनी उलटावं. बायका सगळं बदलतात आणि हीच बदलत नाहीत, कारण दिसत नाही म्हणून, आणि मग वरचा कुठलाच कपडा नीट बसत नाही आणि दोष कपड्याला. सगळा भार मुख्यतः पाठीमागच्या पट्टीवर असतो, खांद्याच्या पट्ट्यांवर नाही. वजन उतरलं की ती पट्टी सैल पडून पाठीवर वर चढते, मग आपण खांद्याच्या पट्ट्या आवळतो, मग खांदे दुखतात. नवी घेताना हुकांची सगळ्यात बाहेरची, म्हणजे सैल ओळ लावून जी घट्ट बसते ती घ्यायची. मग वजन उतरेल आणि कापड सैल पडेल तसं आतल्या ओळींवर जायचं, एकीमध्ये तीन टप्पे निघतात. मी उलटं करत होते, नवीनच घेताना आतल्या हुकावर बसणारी घ्यायची, म्हणजे पहिल्याच महिन्यात संपली. आणि पट्टीचं माप एक कमी झालं आणि कप तेवढाच राहिला तर अक्षर एक पुढे जातं, म्हणजे छत्तीस सीची जागा चौतीस डी घेते, त्यामुळे डी बघून दचकायचं काही कारण नाही. मधल्या मापांना दोनच घ्या, साध्या. खेळायला जाणाऱ्यांनी खेळताना घालायच्या ब्राच्या बाबतीत मात्र कंजुषी करू नये.

आता माझा सगळ्यात मोठा पराक्रम. कोणीतरी सांगितलं की सुती कपडे गरम पाण्यात घातले की आटतात, मग मोठा शर्ट फुकटात लहान होईल. मी माझा आवडता आकाशी शर्ट चांगला उकळत्या पाण्यात टाकला, वर झाकण. आटला की! पण उंचीला. कापड उभ्या धाग्यात जास्त आटतं, आडव्या धाग्यात फारसं नाही, हे मला नंतर टेलरने सांगितलं. बाही मनगटाच्या वर, खालची कड पोटाच्या वर, आणि रुंदीला पहिल्यासारखाच तंबू. तो आता फडताळ पुसायला आहे.

वापरलेले कपडे घ्यायची आपल्याकडे अनेकांना लाज वाटते, मलाही वाटायची, पण दोन महिने घालायच्या पँटसाठी नव्याचा अट्टाहास कशाला? मधल्या मापांसाठी यासारखं दुसरं काही नाही. ऑफिसमध्ये आम्ही तिघींनी सुरू केलं, एक माझ्यासारखीच उतरणारी, माझ्या एक माप पुढे, आणि एकीचं नुकतंच बाळंतपण झालेलं, तिला तात्पुरते मोठे कपडे हवे होते. माझ्या अडतीस तिला गेल्या, पुढचीच्या छत्तीस मला आल्या. एक दिवस पिशवी आणायची, वॉशरूममध्ये घालून बघायचं, धुऊन वापरायचं, संपलं. नंतर भिडेचा प्रश्न येतो तेवढा आधीच मिटवून टाका, परत द्यायचं का नाही ते स्पष्ट बोलून घ्या, कारण एकीची पँट माझ्याकडून खिळ्याला अडकून फाटली आणि आठवडाभर दोघी एकमेकींशी फार गोड बोलत होतो.

ऑनलाइन वापरलेलं घेताना किंवा कुठलंही न घालता घेताना लेबलवरच्या आकड्यावर जाऊच नका. आपल्याला नीट बसणारी एक पँट टेबलवर सपाट पसरा, बटण लावून, आणि कंबरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा, दुप्पट करा. तसंच मांडीचं, आणि दोन पायांच्या जोडापासून वर कंबरेपर्यंतचं. शर्टचं बगलेखाली आडवं मोजायचं. हे चार आकडे मोबाईलमध्ये ठेवा आणि विकणाऱ्याला तेच चार विचारा. जो टेप लावून मोजायला कंटाळा करतो त्याच्याकडून घेऊ नका.

लेबलचं असं का होतं म्हणून मी जरा वाचलं. अमेरिकेत १९३९-४० मध्ये पंधरा हजारांच्या आसपास बायकांची मापं घेतली होती, आणि पुढे १९५८ मध्ये त्यांच्या सरकारने बायकांच्या कपड्यांच्या मापांचं एक स्टँडर्ड काढलं. कंपन्यांनी काही ते धड पाळलं नाही, १९८३ मध्ये मागेच घेतलं. आता ज्याला जो आकडा छापायचा तो छापतो, आणि लहान आकडा दिसला की गिऱ्हाईक खूश होतं म्हणून आकडे हळूहळू घटत गेले, म्हणजे कापड तेवढंच ठेवून आकडा लहान. मला एकाच दिवशी दोन ठिकाणी चौतीस झाली आणि अडतीस पण झाली. ज्या बाईने महिनाभर घाम गाळलाय तिला ट्रायल रूममध्ये अडतीस दिसल्यावर काय वाटतं ते लेबल लावणाऱ्याला एकदा दाखवायला हवं.

राहिला प्रश्न जुन्या मोठ्या कपड्यांचा. याच्यावर लोक फार तावातावाने बोलतात. सगळं देऊन टाका, परतीचा दोरच कापा, म्हणजे वजन परत येणार नाही, असं मला तीन जणांनी सांगितलं. मला हे पटत नाही. वजन बऱ्याच लोकांचं थोडंफार परत येतं, त्यात त्यांचा गुन्हा नसतो, आणि आलं तर कपाट रिकामं असल्याने ते जाणार नाही, फक्त आणखी खरेदी होईल. बायकांचं तर महिन्यातल्या महिन्यात एक-दोन किलो पाण्यानेच वर-खाली होतं. मी असं केलं की आत्ताच्या मापाच्या एक माप वरचं सगळं एका पिशवीत घालून माळ्यावर, पिशवीवर माप आणि तारीख लिहून, आणि दोन मापं वरचं देऊन टाकायचं, लगेच, कारण कपडे पडून राहिले की इलास्टिक सुकतं, घड्यांवर पिवळे डाग येतात, मग ते कोणाच्याच कामाचे राहत नाहीत. विकायचे असतील तर आणखीनच लवकर. छत्तीसवर अडकले तेव्हा दीड किलो परत आलं होतं, पिशवी खाली काढली, तीन आठवड्यांनी परत वर ठेवली. बस्स, एवढंच झालं, आभाळ कोसळलं नाही.

आणि एक गोष्ट जी मला आधी कळली असती तर बरं झालं असतं. पैसे वाचवायचे म्हणून मी पहिले सहा महिने अंगाला बसणारं काहीच घेतलं नव्हतं, सगळं ढगळ तसंच घालून फिरत होते. लोक म्हणायला लागले, तब्येत बरी आहे ना? काही टेस्ट वगैरे केल्यास का? शेजारच्या काकू तर एकदा घरी येऊन बसल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अगं लपवू नकोस." बुजगावण्यासारखं दिसत असणार मी, आतला माणूस दिसतच नव्हता, नुसतं लोंबणारं कापड. ज्या आठवड्यात अंगाला बसणारी एक पँट आणि एक शर्ट घातला त्याच आठवड्यात तेच लोक म्हणाले, अरे वा, बारीक झालीस! वजन त्या आठवड्यात शंभर ग्रॅमने पण हललं नव्हतं. तेव्हा काहीच न घेणं ही पण काटकसर नाही, दर मापाला बसणारा एक जोड हवाच.

तर संपादकसाहेब, तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी या विषयावर काही काढाल तेव्हा एखाद्या टेलरला लिहायला सांगा, त्यांना लिहिता येत नसेल तर कोणीतरी जाऊन बसा त्यांच्या दुकानात अर्धा दिवस, फार ऐकायला मिळेल. आणि कपडे बनवणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर माझ्या दोन साध्या मागण्या, पँटच्या मागच्या शिवणीत आत इंचभर तरी दाब सोडा, आणि लेबलवर त्या कपड्याचं खरं माप सेंटिमीटरमध्ये छापा.

आपली,
एक नेहमीची वाचक

ता. क. ती दाराला टांगलेली तीस नंबरची जीन्स परवा भाची घेऊन गेली. तिला कंबरेत सैल होते, म्हणून इलास्टिक घालायला आणून दिलीय.